न लावलेला हात

माझं काम वस्तूंना हात लावायचं होतं. हसू नका. कानो शहरातल्या एका लहानशा बिनव्याजी बँकेत मी अकरा वर्षं याच कामाचा पगार घेतला.

कुणाला शिवणयंत्र हवं असायचं, कुणाला पिठाची गिरणी. आमची बँक पैसे उसने देत नसे, कारण उसन्या पैशांवर वर काही घेतलं तर ते व्याज, आणि व्याज म्हणजे हराम. बँक ती वस्तू स्वतः विकत घ्यायची आणि ठरलेला नफा धरून गिऱ्हाइकाला हप्त्यांवर विकायची. पण जे आपलं नाही ते विकता येत नाही. म्हणून विकण्याआधी बँकेच्या माणसाने जाऊन वस्तू ताब्यात घ्यायची, मगच गिऱ्हाइकाची सही. आमच्या बँकेचे अंध धर्मशास्त्री, मालम म्हणजे गुरुजी नसीदी, यांचा याबाबतीत हट्टच होता. "कागद काय गं, बसल्या जागी होतो," ते म्हणायचे. "जा, तळहात टेकव. तोंडाने म्हण, बँकेने घेतलं. मग वेळ लिही."

मी जायची. धुळीत, उन्हात, रिक्षाने. ट्रॅक्टरला हात लावला, फ्रीजला लावला, एकदा अकरा मेंढ्यांना लावला, त्यातल्या एकाने मला ढुशी मारून पाडलं. दरवर्षी राजधानीतल्या मध्यवर्ती बँकेतून तपासणीला येणारे एफिओंग साहेब खर्चाच्या यादीवर बोट ठेवून विचारायचे, "या बाईंच्या रिक्षाचं भाडं नेमकं कशाबद्दल?" आमचे मॅनेजर तिजानी ओशाळून हसायचे. मला राग यायचा. अहो, व्याजाची बँक आणि आमची बँक यांच्यात फरक काय तो या रिक्षाच्या भाड्याएवढाच, हे मला सांगायचं असायचं. 

लादिदी माझ्या गल्लीतली. मी मंगळवारी जन्मले म्हणून तलातू, ती रविवारी म्हणून लादिदी. लहानपणी आम्ही एकाच पाटीवर अक्षरं गिरवली. ती हाताने शेंगदाणे दळून तेल काढायची, उरलेल्या पेंडीची कुरकुरीत कुली-कुली तळून विकायची. तिच्या दोन्ही तळहातांना कायमचे घट्टे होते. तिच्यासारख्याच एकवीस बायका तिने गोळा केल्या आणि आमच्या बँकेत येऊन तेल काढायच्या बावीस मशिनी मागितल्या. तारण म्हणून प्रत्येकीने काही ना काही ठेवलं. लादिदीने घर ठेवलं. नवऱ्यामागे तिच्याकडे राहिलेलं तेवढंच होतं, मातीच्या तीन खोल्या आणि अंगणातलं कडुनिंबाचं झाड.

"दुसऱ्या बँकेत जा की," मी तिला मुद्दाम म्हटलं होतं. "तिथे पंधरा दिवसांत पैसे मिळतात."

"आणि व्याज कोण भरणार, तुझा बाप? मला मक्केला जायचंय बाई. तिथे व्याजाच्या पैशाने गेले तर उंटसुद्धा तोंड फिरवतील."

"उंट राहिलेत कुठे आता? सगळ्या बस आहेत."

"मग बसचा ड्रायव्हर तोंड फिरवेल. तू गप बस आणि कागद कर."

बँकेने मशिनी लागोसच्या व्यापाऱ्याकडून विकत घेतल्या, पैसे पोचते केले. ट्रक निघाला. नोव्हेंबरची तीस तारीख होती. शेंगदाणा बाजारात येऊन पडला होता आणि वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला होता. बावीस बायका सकाळी आठपासून बँकेच्या ओसरीवर चटया टाकून बसलेल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला कुली-कुली वाटणं चाललेलं.

साडेदहाला ट्रक-ड्रायव्हरचा फोन आला, झारियाला पोचलोय. म्हणजे अजून साडेतीन-चार तासांचा रस्ता. तिजानींनी मला आत बोलावलं.

"हाजिया, बसा," ते म्हणाले. मी हजला गेलेली नाही, पण कानोत बाई जाड झाली की तिला हाजिया म्हणतात. "आज महिनाअखेर. दुपारी राजधानीला महिन्याच्या हिशेबाचा तक्ता जायचाय. त्यात या बावीस मशिनी आपल्या नावावर दिसल्या तर आपण मेलो."

"का? आपल्याच आहेत की त्या."

"तेच तर. एफिओंगच्या हिशेबात बँकेने माल बाळगणं हे मोठं धोक्याचं. त्याच्यापोटी आपलं स्वतःचं भांडवल दुप्पट-तिप्पट दाखवावं लागतं. आपल्याकडे कुठलं आलंय तेवढं? तोच माल गिऱ्हाइकाला विकला असं दिसलं की धोका कमी. मग आपण काठावर का होईना, पास."

"कुणी ठरवलं हे?"

"मूळ नियम तिकडे बासलला ठरतात. युरोपात."

"तिथे शेंगदाणा पिकतो का?"

तिजानी हसले नाहीत. त्यांचा चेहरा ओढलेला होता. वाईट माणूस नव्हता तो, हे मला सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या बँका शिल्लक पैसा सरकारी रोख्यांत गुंतवायच्या आणि झोपा काढायच्या. रोख्यांवर व्याज, म्हणून आमचा पैसा तिजोरीत नुसता पडून. त्यांना अडचण आली तर मध्यवर्ती बँकेकडून एका रात्रीपुरतं उचलता यायचं. त्यावरही व्याज, म्हणून आम्हाला तेही दार बंद. सगळ्यांबरोबर पोहायचं, पण दोन्ही हात बांधून. अकरा वर्षं हा माणूस ती बँक नाकावर पाणी येऊ न देता चालवत होता.

"अकरा वाजता हात लावला असं लिहा," ते हळूच म्हणाले. "बायका आत्ता सह्या करतील. दुपारी ट्रक येईल तेव्हा लावा की हवा तेवढा हात. तीन तासांचा तर प्रश्न."

"मालमना कळलं तर?"

"मालमना दिसतंय कुठे काही?"

हे ते बोलले आणि त्यांनाच लाज वाटली, मान खाली घातली. मी बाहेर आले. लादिदी म्हणाली, "काय गं, थोबाड का उतरलंय? सह्या कधी? इथे बसून बसून आमचं बूड चपटं झालं." सगळ्या हसल्या. ओसरीवर ऊन चढलं होतं. माझे पाय सुजले होते, झारियाच्या रस्त्यावर नाक्यापर्यंत जाऊन ट्रकची वाट बघायची मला इच्छा नव्हती, हेही खरं. मी वही काढली आणि लिहिलं. बावीस मशिनी, हात लावला, बँकेने घेतलं, वेळ अकरा.

मग बायकांनी सह्या केल्या. लादिदीने पाटीवर शिकलेल्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि मला डोळा घातला.

दोनच्या सुमाराला झारिया रस्त्यावर पेट्रोलचा एक टँकर उलटला. आमचा ट्रक त्याच्या मागेच होता. ड्रायव्हर उडी मारून वाचला. मशिनी वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. रबर, तारा, मोटारी सगळं जळून गेलं होतं, लोखंड वाकून एकमेकांत अडकलं होतं. मी हात लावला. अजून कोमट होतं. तोंडाने काही म्हणायला सुचलं नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण माझा सगळा गुन्हा इथे आहे. दुपारी दोन वाजता त्या मशिनी कुणाच्या होत्या? मी खरोखर हात लावून मग त्या विकल्या असत्या, तर बायकांच्या, म्हणजे जळाल्या त्या बायकांच्या. हात न लावता विकल्या, तर ती विक्रीच झाली नाही, म्हणजे जळाल्या त्या बँकेच्या. कागदावर माझा हात होता. रस्त्यावर नव्हता.

विमेवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, आमचा विमा बँकेच्या मालाचा. तुमच्याच कागदाप्रमाणे माल अकरा वाजता विकला गेलाय. तिजानींनी मला पुन्हा बोलावून दार लावून घेतलं. "आता तोंड उघडू नका," ते म्हणाले. "बावीसही विक्र्या रद्द झाल्या तर बँक बुडाली. बायका हप्त्याहप्त्याने फेडतील. आपण मुदत वाढवून देऊ. सांभाळून घेऊ."

मी गप्प राहिले. नऊ दिवस. रोज संध्याकाळी लादिदीच्या अंगणात जाऊन बसायची, तिचं सांत्वन करायची, आणि ती माझ्यापुढे कुली-कुलीची ताटली सरकवायची. मी खायचीसुद्धा. माझी जीभ झडली नाही.

दहाव्या दिवशी ती बँकेत आली. कमरेच्या पदराची गाठ सोडून तिने माझ्या टेबलावर नोटा ठेवल्या. पहिला हप्ता. तेलकट, घडी घातलेल्या नोटा.

"अगं, मशीन तर आलीच नाही," मी म्हटलं.

"म्हणून काय? सही केली ना मी? तू जाऊन हात लावलास, मग ती माझी झाली. माझी होती, माझी जळाली. अल्लाची मर्जी. यात बँकेचं काय चुकलं?" ती मलाच समजावत होती. "तू कशाला रडतेस वेडे? तुझं घर थोडंच गहाण आहे."

त्या नोटा मला मोजवल्या नाहीत. मी तशीच उठले आणि मालम नसीदींच्या घरी गेले.

ते ओसरीवर बसून दह्यात कालवलेला बाजरीचा फुरा पीत होते. मी पायाशी बसून सगळं सांगितलं. ते वाडगं हातात धरून ऐकत राहिले.  त्यांच्या त्या पांढुरक्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मला वाटलं, आता मला मारतील तर बरं.

"विक्री झालीच नाही," शेवटी ते म्हणाले. "एकाही बाईकडून एक कवडी घ्यायची नाही. घेतलेला हप्ता आजच्या आज परत. नुकसान बँकेचं."

"मालम, बँक बुडेल."

"बुडू दे. बुडणं हराम नाही, पोरी. जे आपल्या हातात आलंच नाही ते गरिबाच्या गळ्यात बांधणं हराम आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चूक माझीही आहे. मी हाताचा नियम केला, पण हातामागे माणूस असतो हे विसरलो."

त्यांनी निकालाचा कागद लिहून घेतला. आमच्या हौसा भाषेत, अरबी अक्षरांत, खाली त्यांची वेडीवाकडी सही. एक प्रत बँकेला, एक लादिदीला. विमेवाल्यांनाही मी जाऊन खरं सांगितलं, म्हटलं, माल बँकेचाच होता, आता तरी पैसे द्या. ते म्हणाले, खोट्या कागदावर विमा मिळत नसतो बाई. तिजानी एवढंच बोलले, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत, हाजिया."

लादिदीला मी तिच्या अंगणात सांगितलं. आधी तिला कळेना. मग म्हणाली, "म्हणजे माझं घर सुटलं?"

"सुटलं."

ती हसली. कडुनिंबाच्या खोडाला टेकून हसत राहिली. मग एकदम थांबली. "म्हणजे तू हात लावलाच नव्हतास."

"नव्हता."

"आणि नऊ दिवस माझ्या चुलीशी बसून खात होतीस."

 ती आत गेली. तो कागद मात्र तिने जपला. मेणकापडात गुंडाळून कुराणाच्या पिशवीत ठेवला.

एफिओंग साहेब आठवडाभरात आले. या वेळी त्यांनी रिक्षाच्या भाड्याचा विषय काढला नाही. मला समोर बसवून त्यांनी सगळं ऐकलं, अगदी सभ्यपणे. मालम आणि तिजानीही होते.

"बाई, मला समजून घ्यायचंय," ते म्हणाले. "बँकेतून पैसे बाहेर गेले. गेले ना?"

"मशिनी घ्यायला गेले."

"बावीस बायकांनी सह्या केल्या, तारण दिलं. केल्या ना?"

"केल्या. पण मी हात लावला नव्हता."

त्यांनी पुढ्यातला छापील तक्ता माझ्याकडे फिरवला. "यात तुमचा हात मी कुठे लिहू, तुम्हीच सांगा. पैसे गेले, नाव आहे, सही आहे. माझ्या लेखी हे कर्ज आहे. तुम्ही चांगली बावीस कर्जं एका दिवसात सोडून दिलीत. आता तुमचं भांडवल रेषेच्या खाली आहे."

"साहेब, तुमच्या याच तक्त्याच्या भीतीने मी खोटं लिहिलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "माल आपल्या हातात धरला तर धोका आणि लादिदीच्या मानेवर टाकला तर सुरक्षित, हे तुमच्याच कागदात आहे ना?"

 त्यांना ते पटलं असावं, पण पटून काय करणार होते? "नियम मी केलेले नाहीत," ते म्हणाले. "एक वाट आहे. मध्यवर्ती बँक तीन महिन्यांसाठी पैसे उचलू देईल. दर अगदी कमी. तेवढ्यात नवं भांडवल गोळा करा. मालमनी फक्त संमती द्यायची."

सगळे मालमकडे बघू लागले. इकडे आड तिकडे विहीर. तिजानींनी चक्क त्यांचे पाय धरले.

"दर कमी म्हणजे व्याजच ना?" मालमनी विचारलं.

"नावापुरतं."

"मग नाही." ते काठी टेकत उठले. "डुकराचा लहानसा तुकडा, असं काही नसतं साहेब."

मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. आणि त्याच वेळी रागही आला, इतका की त्यांची काठी ओढून घ्यावीशी वाटली. अजूनही दोन्ही वाटतं.

बातमी दुपारच्या नमाजाआधी बाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी दारात पैसे काढणाऱ्यांची रांग, तिसऱ्या दिवशी दाराला सील. महिनाभरात राजधानीच्या एका मोठ्या बँकेने आमची बँक उचलली, टेबलं-खुर्च्या, तिजोरी, याद्या सगळ्यासकट. व्याजाची बँक. ठेवीदारांचे मूळ पैसे त्यांनी दिले, खोटं का बोला. तिजानी कडूना शहरात भावाकडे निघून गेले. मालम त्यानंतर मशिदीबाहेर कुठे दिसले नाहीत. मला नव्या बँकेने तीन महिन्यांसाठी ठेवलं, कारण जुन्या गिऱ्हाइकांची घरं मलाच ठाऊक होती.

याद्यांमध्ये त्या बावीस जणी होत्या. कर्जदार म्हणून.

मी नव्या मॅनेजरकडे धावले. लागोसचा तरुण मुलगा, हौसाचा एक शब्द येत नव्हता. मी मालमचा निकाल पुढे ठेवला. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा. "हे काय आहे?"

"या बायका काही देणं लागत नाहीत. विक्री रद्द झालीय."

"आंटी, कोर्टाने रद्द केलीय का?"

"मालमनी."

"ते त्या बँकेचे सल्लागार होते. ती बँक आता नाही." त्याने समजुतीने कागद परत दिला. "एफिओंग साहेबांच्या अहवालातही हे कर्ज म्हणूनच आहे. आम्ही तीस नोव्हेंबरपासून आमच्या दराने व्याज लावतोय. उशीर झाला तर त्यावर दंड." आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "बसा ना. पाणी घ्या."

मी वकिलाकडे गेले. त्याने माझ्या वहीतली ओळ वाचली, माझ्याच अक्षरातली. हात लावला, बँकेने घेतलं, वेळ अकरा. "याखाली सही तुमचीच ना?" म्हणाला. "मग कोर्टात तुमचं कोण ऐकेल?"

लादिदीने व्याज भरायला साफ नकार दिला. मुद्दल घ्या म्हणाली, जळक्या लोखंडाचं मुद्दलसुद्धा देते, हाताने दळून देते, पण व्याजाची कवडी माझ्या हातून जाणार नाही. मी तिच्या पाया पडले, म्हटलं, बाई गं, भर, पाप माझ्या माथी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं मुद्दल नवी बँक घेत नव्हती. आधी व्याज वळतं करून घेणार, मग मुद्दल, असा त्यांचा नियम.

मार्चमध्ये जप्ती आली. बँकेचा कारकून, दोन पोलीस, आणि घर ओळखून द्यायला मी. येत नाही म्हणाले असते तर दुसरं कुणी आलं असतं. मी गेले, कारण मला वाटलं शेवटच्या घटकेला काही तरी बोलता येईल. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. एकही माझ्याशी बोलली नाही.

अंगणात लादिदी चटईवर बसली होती. शेजारी तिचा दळायचा दगड, दोन पोती शेंगदाणे, आणि मेणकापडातला तो कागद मांडीवर. उठून तिने तो कारकुनापुढे धरला. त्याने वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, घडी घालून परत दिला.

"घर हेच ना, हाजिया?" त्याने मला विचारलं. "यादीप्रमाणे तीन खोल्या, एक झाड?"

मी कडुनिंबाकडे बघत राहिले.

"तिला काय विचारता?" लादिदी म्हणाली. "ती तोंडाने सांगत नाही. ती हात लावून सांगते."

तिने माझं मनगट धरलं. घट्टे पडलेली तिची बोटं मला टोचली. तिने मला ओढत तिच्या घराच्या भिंतीपर्यंत नेलं आणि माझा तळहात उघडून मातीवर दाबला.

"लाव," ती म्हणाली. "या वेळी तरी खरा लाव."

भिंत उन्हाने तापलेली होती. मी हात लावला. मागे कारकुनाने घड्याळात बघून वेळ लिहिली.